सोडायला आलेल्यांचा बाक

चालणाऱ्या माणसाकडे इतक्या बारकाईने पाहणारा आणि स्वतः चालताना इतक्या वेळा ठेचकाळणारा मनुष्य आमच्या व्याह्यांखेरीज या पृथ्वीतलावर दुसरा झाला नाही, होण्याचा संभव नाही, आणि एका जिल्ह्याला असा एकच पुरे आहे. त्यांच्याविषयी आमच्या गावात आज तीन हकिकती प्रचलित आहेत. एक स्टेशनसमोरचा चहावाला सांगतो, दुसरी तालुक्याच्या एका साप्ताहिकाने छापली, आणि तिसरी प्लॅटफॉर्मच्या पूर्व टोकाला असलेल्या सिमेंटच्या बाकावर चक्क तेलरंगात रंगवलेली आहे. या तिन्ही हकिकती खोट्या आहेत. मी सरकारी मोजणी खात्यात उभा जन्म काढला. हद्दीचा दगड हातभर सरकवून वर देवाची शपथ घेणारे लोक मी इतके पाहिले आहेत, की सरकवलेली हकिकत मला लांबूनच ओळखू येते. खरी हकिकत एकट्या मला ठाऊक आहे. तिच्यात चुकलेला पक्ष मीच होतो, असे काही लोक म्हणतात. तेही खोटे आहे. पण त्याकडे क्रमाने येऊ. गावाचे नाव मात्र मी मुद्दाम देत नाही. कोल्हापूर आणि हातकणंगले यांच्या आसपासचे एक लहान स्टेशन, एवढे वाचकांना पुरेसे आहे. नाव दिले तर उद्या सकाळी अर्धे गाव आपापली हकिकत घेऊन माझ्या दारात उभे राहील.

व्याही म्हणजे माझ्या सुनेचे वडील. जन्म कोल्हापुरात शिवाजी पेठेतला, वाढ तालमीच्या मातीत आणि फुटबॉलच्या मैदानावर. खेळाडू म्हणून त्यांना कोणत्याही संघाने कधी घेतले नाही. सामन्याआधी मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारण्याचे काम मात्र पेठेने त्यांच्यावर सोपवले होते, आणि त्या रेघा अशा काही पडत की चेंडू आत की बाहेर हे रेघेपेक्षा प्रेक्षकांच्या संख्येवरच ठरे. पुढे आमच्या गावाजवळच्या साखर कारखान्यात त्यांना गाडीतळावर नोकरी लागली आणि ते इथलेच झाले. उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वजनकाट्याची वाट पाहत उभे राहतात ती जागा म्हणजे गाडीतळ. एक गाडी आडवी लागली की मागचे सगळे अडकते, बैल बिथरतात, आणि गाडीवानांच्या तोंडचे शब्द ऐकून मळीचा वासदेखील सुसह्य वाटू लागतो. आमचे व्याही तिथे एका उंच स्टुलावर छत्री उघडून बसत आणि नुसते पाहत. ते काही काम करतात असा आरोप त्यांच्या शत्रूंनीही कधी केला नाही. पण तीन हंगाम असे पाहून झाल्यावर त्यांनी तळावरचे सगळे लोखंडी कठडे काढायला लावले, जिथे बैल आपोआप वळत होते तिथे दोन दगड रोवले, आणि पुढे ते निवृत्त होईपर्यंत त्या तळावर गाडी अडकली नाही. ही गोष्ट मी नाकारीत नाही, कारण ती नाकारता येत नाही. या एका यशाने त्यांचे डोके कायमचे फिरले. "बैलाला काटकोन ठावं न्हाय, पावणं," ते मला सांगत. "काटकोन माणसानं काढला, आन् माणूसच त्यो टाळून जातोय बगा." मी आयुष्यभर काटकोनच काढत आलो होतो. तेव्हा आमची सोयरीक किती सलोख्याची राहिली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

माणसांचे चेहरे त्यांच्या स्मरणात राहत नसत. चेहरा हा त्यांच्या मते माणसाचा अगदी गौण भाग होता. माणूस म्हणजे त्याची चाल. पाठमोरा मनुष्य अर्ध्या फर्लांगावरून ते नाव घेऊन ओळखत, आणि समोर बसलेल्या मनुष्याला "आपण कोण?" असे विचारत. एकदा मी तापाने दवाखान्यात पडलो होतो. व्याही मोठ्या आस्थेने मोसंबी घेऊन आले आणि माझ्या शेजारच्या खाटेवर बसून तिथल्या अपरिचित गृहस्थाचा हात हातात घेत त्यांनी त्याला माझ्या तब्येतीविषयी, माझ्या मुलाविषयी आणि माझ्या हट्टी स्वभावाविषयी बरेच काही सुनावले. मी खोकलो, हाका मारल्या. उपयोग झाला नाही. शेवटी परिचारिकेने मला उठवून चार पावले चालवले, तेव्हा ते ताडकन उठून म्हणाले, "आरं तिच्या! तुम्ही हितं हायसा व्हय? आडवं पडल्यावर कसं वळखायचं माणसानं?" मोसंबी मात्र त्या गृहस्थाने तोवर सोलली होती. रस्त्याने जातानाही हाच प्रकार. दुसऱ्यांच्या पायांकडे पाहण्यात ते इतके गढून जात की स्वतःचे पाय कुठे पडत आहेत याचा त्यांना पत्ता नसे. गावातला प्रत्येक उंबरठा, प्रत्येक गटार आणि प्रत्येक झोपलेले कुत्रे त्यांच्या पायाखाली एकदा तरी येऊन गेले होते.

माझ्या मुलाच्या लग्नात ते वधुपिता होते. कोणत्याही शहाण्या वधुपित्याने त्या दिवशी हात जोडून उभे राहावे. यांनी आदल्या दिवसापासून मांडवात सुंभाच्या दोऱ्या बांधायला घेतल्या. अक्षतांना आलेले लोक जेवणाऱ्यांना आडवे जाऊ नयेत, जेवून उठलेले लोक आहेर करणाऱ्यांच्या अंगावर येऊ नयेत आणि हात धुण्याच्या जागी लग्नाची चर्चा होऊ नये, अशी ती रचना होती. चहावाला सांगतो की त्या लग्नात मी रागावून पंगतीतून उठून गेलो. मी उठून गेलो नाही. मी दोरीच्या कडेकडेने, सांगितल्याप्रमाणे, मुख्य पाहुण्यांच्या जागेकडे निघालो होतो. फेटा बांधलेला वरपिता मोठ्या रुबाबात चालत चालत थेट भांडी घासणाऱ्या बायकांच्या मधोमध पोहोचला, यात रागाचा संबंध नव्हता. त्यातल्या एकीने माझ्याकडे वर न पाहताच "ठेवा तितं," म्हटले, एवढेच. व्याह्यांना जाब विचारला तर ते म्हणाले, "दोरी बरोबर हुती, पावणं. तुम्हीच तेवढं दोरीकडं बघत आलासा. बाकीची समदी माणसं माणसांकडं बघत गेली."

आता मूळ विषय. तीन-चार वर्षांमागे आमचे स्टेशन नवे करायचे ठरले. छत नवे, फरशी नवी, पुढचे आवार नवे. गावकऱ्यांच्या सूचना घ्याव्यात म्हणून एक समिती नेमली गेली आणि नकाशा वाचता येणारा गावात मी एकटाच असल्यामुळे तिचे अध्यक्षपद माझ्याकडे आले. मी ते मागून घेतले, असे साप्ताहिकाने छापले आहे. मी अर्ज केला होता; अर्ज करणे आणि मागणे यांत फरक आहे. समितीने इतर सूचना केल्या नाहीत, म्हणून मी स्वतःच आवाराचा संपूर्ण नकाशा काढला. रस्त्यापासून सरळ एक वाट, मग काटकोनात वळण, मग पुन्हा सरळ वाट. मधल्या जागेत कठड्याने बंदिस्त केलेली चौकोनी बाग. आणि प्लॅटफॉर्मवर छताखाली एका ओळीत, समान अंतरावर, चार बाक. बाक चारच मिळणार होते. तो नकाशा इतका सुबक होता की पुण्याहून आलेल्या तरुण आर्किटेक्ट बाईंनीही तो पाहून "किती छान हस्ताक्षर आहे, काका!" असे उद्गार काढले. बागेच्या चारी कोपऱ्यांत मी स्वतः खुंट्या ठोकून सुतळी ताणली.

दुसऱ्याच दिवशी व्याही माझ्या घरी आले, उंबऱ्याला ठेचकाळले, बसले, आणि चहा येण्याआधीच त्यांनी नकाशावर बोट ठेवले.

"ह्यो चौथा बाक हितनं उचला."

"आणि कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"पार पूर्वेच्या टोकाला. फलाट संपतोय न्हवं का, त्याच्या अलीकडं."

"तिथे छत नाही, ऊन आहे. गाडीचे दार तिथे येत नाही. प्रवासी तिथे जात नाही. तिथे बसणार कोण?"

"बसतंय एक माणूस," व्याही म्हणाले. "आन् बागंचा कठडा बी काढा. लोक उड्या मारतील त्यावनं."

मी त्यांना शांतपणे समजावले की वाट आखून दिली की माणसे तिच्यावरून चालतात आणि त्यालाच सुधारणा म्हणतात. ते म्हणाले, "आखून चालत आसती तर मोजणी खात्याकडं येवढे वाद आलं आसतं कशाला?" या वाक्यावर मी चहाचा कप जोरात ठेवला. तो फुटला नाही. त्याचा कान तुटला.

यानंतरचा पंधरवडा आमच्यात बोलणे नव्हते. व्याही मात्र रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बसत. कारखान्यातले तेच स्टूल, तीच छत्री. कोल्हापूरकडे जाणारी पॅसेंजर यायची वेळ झाली की दुधाच्या किटल्या, भाजीच्या पाट्या, कॉलेजची पोरे, कामगार असा सगळा गाव वेशीतून सुटल्यासारखा स्टेशनात शिरे. आणि पुण्याकडची गाडी आली की वेगळाच लोंढा येई, बॅगांचा, पिशव्यांचा आणि डोळे पुसणाऱ्या बायकांचा. व्याही वहीत रेघा ओढत. लोक म्हणत, म्हातारा चित्रे काढतो. मी ती वही पाहिली आहे. तिला चित्रे म्हणणे हा चित्रकलेचा अपमान आहे; सांडलेल्या शेवयांना कुणी पान क्रमांक घालावेत, तसा तो प्रकार होता. पण त्या शेवया दाखवून बाईंची खात्री पटेना. त्या म्हणाल्या, "काका, मला हे दिसायला हवं." आणि मग तो सुप्रसिद्ध दिवस उगवला.

चहावाला सांगतो की व्याह्यांनी प्लॅटफॉर्मवर गव्हाचे पीठ पसरले. साफ खोटे. ती फक्की होती, फुटबॉलच्या मैदानावर मारतात ती, आणि तिची दोन पोती त्यांनी शिवाजी पेठेतून, आपल्या जुन्या तालमीतून, उसन्या हक्काने आणली होती. तो असेही सांगतो की मी पोलीस बोलावले. मी पोलीस बोलावले नाहीत. मी फक्त एक लेखी तक्रार खिशात घालून तिथे गेलो होतो. सकाळची पॅसेंजर यायच्या आधी व्याह्यांनी आवाराच्या तोंडाशी आणि प्लॅटफॉर्मच्या कडेने फक्कीचा असा काही थर दिला होता, की स्टेशन मास्तर बाहेर आले आणि पहिल्या शिंकेपासून सातव्या शिंकेपर्यंत त्यांना आपला अधिकार सांगताच आला नाही. ते सांगू लागले तोवर घंटा झाली आणि गर्दी आत शिरली.

पुढे जे घडले ते मला वर्णन करावेसे वाटत नाही, पण हकिकत पूर्ण व्हायला हवी. गाडी गेली, धूळ बसली, आणि आवारात पांढऱ्या पावलांचा नकाशा उमटला. माझी आखलेली सरळ वाट जवळजवळ कोरी होती. तिच्यावर एका शेळीचे खूर होते. बाकी सगळी पावले, चपलांची, बुटांची, अनवाणी, रस्त्यापासून थेट तिकीट खिडकीकडे माझ्या नियोजित बागेच्या छातीवरून तिरकी गेली होती. सुतळी तीन ठिकाणी तुटली होती. आर्किटेक्ट बाई मांडी घालून खाली बसल्या आणि बघतच राहिल्या. व्याही त्या तिरक्या वाटेवरून वाकून वाकून चालत आले आणि एका जागी थांबले.

"पावणं, हे जरा बगा."

मी पाहिले. एका चपलेच्या पावलाशेजारी एक गोल ठिपका होता. पुढच्या पावलाशेजारी पुन्हा ठिपका. असे ठिपके बागेच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, कर्णरेषेवरून, अगदी समान अंतराने गेले होते.

"काठी घिऊन गेलंय कोनतरी," व्याही म्हणाले. "पर आंतर मातूर झ्याक हाय. सरकारी मोजणी वाटतीया."

ती पावले माझी नव्हती, असे मी तेव्हा म्हणालो आणि आजही तेच म्हणतो. गावात काठी घेऊन चालणारे पुष्कळ आहेत. त्या दिवशी मी घाईत होतो, खिशात तक्रार होती, आणि मी कुठून चालत गेलो हे मला आठवत नाही. पण आठवत नाही म्हणजे मी बागेतून गेलो, असा निष्कर्ष कोणतेही न्यायालय काढणार नाही. आर्किटेक्ट बाईंनी मात्र तोंडावर रुमाल धरला. फक्कीमुळे धरला, असे त्या म्हणाल्या.

तिरक्या वाटेचा निकाल तिथेच लागला. राहिला चौथा बाक. त्यासाठी व्याह्यांनी पुण्याकडची गाडी जाऊ दिली आणि मग आम्हा दोघांना पूर्वेच्या टोकाला नेले. तिथली पावले निराळी होती, हे मान्य केले पाहिजे. गाडीच्या कडेने ती पूर्वेकडे येत होती. आधी जवळ जवळ, मग लांब लांब, म्हणजे कुणीतरी खिडकीबरोबर चालता चालता पळायला लागल्यासारखी. मग प्लॅटफॉर्मच्या टोकाआधी ती थांबत. थांबलेल्या जागी एकाच माणसाची पाच-सहा पावले एकमेकांवर उमटलेली असत, आणि परतीची पावले तिथून कुठेही सरळ निघत नव्हती. एक जोड तर भिंतीपर्यंत जाऊन पुन्हा त्याच जागी आली होती.

"पण काका, ही माणसं प्रवासी नाहीत ना," बाई म्हणाल्या. "ही तर नुसती सोडायला आलेली."

"मग काय म्हशी हायत व्हय?" व्याही म्हणाले. "जाणाऱ्याला समदं हाय. खिडकी हाय, छत हाय, पंखा हाय, गाडी सुदीक हाय. ऱ्हाणाऱ्याला काय हाय? गाडी गेली की त्येला कळंना हुतंय कुठं जायाचं. अन् त्याच टायमाला तुम्ही त्येला लोंढ्यात ढकलतासा, चला भाईर म्हनून."

मी नियमाला धरून हरकत घेतली. ऊन, पाऊस, अंतर, उपयुक्तता, असे चार मुद्दे मांडले. बाई वहीत लिहून घेत होत्या. कुणाचे लिहीत होत्या हे मला दिसले नाही. त्या म्हणाल्या, "अध्यक्षांनी नकाशात बदल करून सही दिली तर मी तो बाक तिकडे धरते. नाहीतर आहे तसंच राहील." आणि त्या चहाला निघून गेल्या. गेल्या त्यासुद्धा तिरक्याच.

स्टेशन मास्तरांचा हुकूम होता की सगळी फक्की झाडून काढल्याशिवाय व्याह्यांनी घरी जायचे नाही. त्यांनी खराटा घेतला. मी मदत केली नाही, असे लोक सांगतात. मी कुठे झाडायचे राहिले आहे ते काठीने दाखवत होतो, ही मदतच आहे. सगळा प्लॅटफॉर्म झाडून झाला. फक्त पूर्वेच्या टोकाची ती थांबलेली पावले त्यांनी तशीच ठेवली. मी काठीने दाखवली तरी खराटा पुढे जाईना.

"ही तेवढी ऱ्हाऊ द्या जरा," ते म्हणाले. मग खराट्यावर दोन्ही हात टेकून, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "लगीन झाल्यावर पोरांस्नी पुण्याला सोडायला आपुन आलतो. आठवतंय न्हवं?"

मला आठवत होते. मुलगा आणि सून खिडकीत होती.

"गाडी हालली तसा मी खिडकीसंगं चालत ऱ्हायलो. हितवर आलो. गाडी गेली. मला वाटलं, हितं घटकाभर उभं ऱ्हावावं. पर मागनं मानसं, हमाल, किटल्या, समदं आंगावर आलं. कुनीतरी म्हनलं, सरका की. सरकत सरकत रस्त्यावर कवा आलो मला कळलं न्हाय. पोरीकडं नीट बघाय बी झालं न्हवतं, आन् मी टपरीम्होरं उभा, हातात च्या. तुम्ही हुतासा की माझ्याबरोबर. तुम्हीच म्हनालासा, चला बिगीबिगी, रिक्षा मिळायची न्हाय."

मी असे म्हणालो असल्याचे मला स्मरत नाही. पण त्या काळी स्टेशनवर रिक्षा खरोखरच मिळत नसत, हे कुणीही सांगेल.

त्या दुपारी मी घरी जाऊन नकाशा उलगडला आणि छताखालचा चौथा बाक खोडून पूर्वेच्या टोकाला काढला. व्याह्यांचा मान राखण्यासाठी मी हे केले, असे साप्ताहिकाने छापले. मला पश्चात्ताप झाला, असे चहावाला सांगतो. दोन्ही खोटे. मी पुन्हा मोजले तेव्हा छताखाली समान अंतराने चार बाक मावत नसल्याचे लक्षात आले. पहिल्या मोजणीत चूक झाली होती. ती माझी नव्हती. टेप जुना होता. बदलाखाली मी पूर्ण सही केली आणि शेरा मारला, "तांत्रिक कारणास्तव."

स्टेशन झाले. उद्घाटनाला एक पुढारी आले, त्यांनी बागेची फीत कापली आणि ते माझी सरळ वाट शोधू लागले. ती नव्हतीच, तेव्हा सगळ्या लवाजम्यासह तेही तिरके चालत प्लॅटफॉर्मवर गेले. भाषणात त्यांनी सांगितले की सामान्य माणसाच्या पावलांचा विचार त्यांच्या मनात फार वर्षांपासून घोळत होता. आठवड्याभरात त्या चौथ्या बाकाच्या पाठीवर तेलरंगात अक्षरे उमटली, "यांच्या अथक प्रयत्नांतून", आणि वर पुढाऱ्यांचे नाव. मी संतापलो. पुराव्यासह चार पानी निवेदन तयार केले, शेवयांच्या वहीची नक्कल जोडली आणि व्याह्यांच्या सहीसाठी त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "कशापायी? बसताना पाठ टेकली की नाव दिसत न्हाय." निवेदन अजून माझ्याजवळ आहे. वेळ आली की मी ते देणार आहे.

त्या बाकावर कोणी बसते का, हा प्रश्न राहिला. मी देखरेखीसाठी अधूनमधून जात असे. छताखालचे तीन बाक बहुधा भरलेले असत, वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनी आणि कुठेही न जाणाऱ्यांनी. पूर्वेचा बाक दिवसभर रिकामा असे. फक्त पुण्याकडची गाडी सुटली की कुणीतरी खिडकीबरोबर चालत चालत तिथवर येई, थांबे, आणि मग बाक तिथे आहे हे माहीत असल्यासारखे मागे न पाहता बसे. एकदा एक म्हातारी बसली होती, हातात परत आणलेली रिकामी पिशवी. एकदा एक तरुण नवरा. मी व्याह्यांना यातले काहीही सांगितले नाही. त्यांना उगीच डोक्यावर चढवण्यात अर्थ नव्हता.

गेल्या वर्षी व्याह्यांच्या डोळ्यांत दोष निघाला. विहीणबाई आधीच गेलेल्या, घरात दुसरे कुणी नाही. सून म्हणाली, आता इथे एकटे राहायचे नाही, पुण्याला चला. ते महिनाभर नाही म्हणाले. मग एके दिवशी मला म्हणाले, "पावणं, समोरनं कोन चालतंय ते आता वळखंना झालंय. मग ऱ्हाऊन करायचं काय?" मी म्हणालो की पुण्यात वाहतूक अधिक असल्यामुळे त्यांना ठेचकाळायला वाव अधिक मिळेल. ते हसले. मी विनोद म्हणून बोललो नव्हतो.

सोडायला मी गेलो. इतर कुणी जाणार नव्हते म्हणून गेलो. मुलगा त्यांना न्यायला आला होता. त्याने सामान चढवले. व्याही डब्याच्या पायरीवर ठेचकाळले, कारण ते माझ्या पायांकडे पाहत होते, आणि खिडकीशी बसताच त्यांनी मला सांगितले की मी अलीकडे डावा पाय ओढतो. मी सांगितले की मी ओढत नाही. ते म्हणाले, ओढतासा. गाडी हलली तरी हा वाद मिटला नव्हता. अर्धवट वाद सोडून देणे माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी खिडकीबरोबर चालू लागलो. मी म्हणत होतो की चप्पल नवी आहे, तिचा पट्टा सैल आहे. ते म्हणत होते की पट्ट्याचा काही संबंध न्हाय, गुडघा दाखवा. गाडीने वेग घेतला. मीही थोडा घेतला. मग त्यांचा आवाज ऐकू येईना, खिडकी पुढे गेली, आणि माझे पाय थांबले. मी त्यांना थांबवले नव्हते.

खिडकीतून अजून एक हात बाहेर होता. त्या अंतरावरून, त्या डोळ्यांनी, त्यांना माझा चेहरा दिसणे शक्यच नव्हते. तरी हाक आली, तालमीतल्या माणसाची असते तशी मोठी.

"बसा की आता, पावणं!"

त्यानंतरचा भाग चहावाला असा सांगतो की मोजणी खात्याचा म्हातारा पूर्वेच्या बाकावर तासभर बसला होता आणि मधूनमधून डोळे पुसत होता. हे सपशेल खोटे आहे. मी चपलेचा पट्टा आवळण्यासाठी बसलो होतो, ते काम गुंतागुंतीचे होते, आणि तिथे दुपारपर्यंत ऊन थेट डोळ्यांवर येते, हे मी माझ्या मूळ हरकतीत पहिल्याच मुद्द्यात नमूद केले होते. तासभर तर मुळीच नाही. पाठ टेकल्यावर नाव खरेच दिसत नाही, एवढी मी खात्री करून घेतली, आणि कोल्हापूरहून परतणारी पॅसेंजर येऊन, माणसे उतरून, तिरक्या वाटेने सगळी निघून गेल्यावर मी उठलो.